हणमंत हेड्याची अदलाबदल

ज्याच्या नजरेवर सगळा मुलूख डोळे झाकून विश्वास ठेवायचा, असा खडकवणी गावात एकच माणूस होता. त्याचं नाव हणमंत हेडी. हेडी म्हणजे बैलांचा व्यापार करणारा. बैलाचं तोंड उघडून दात पाहायचे, खांद्यावरून हात फिरवायचा, चार पावलं चालवून बघायचा, की ह्याचं काम झालं. मग समोरच्याच्या हातावर रुमाल टाकायचा, रुमालाखाली बोटं धरायची आणि तोंडातून एक शब्द न काढता सौदा ठरवायचा. रुमाल उचलला की दावं ह्या हातातून त्या हातात गेलं म्हणून समजा. तुला जायचंय का रे बाबा, असं बैलाला कोणी विचारत नाही. विचारलं तरी तो बिचारा सांगणार काय.

तर ह्या हणमंताला साठी जवळ आल्यावर बास्केटबॉलचं वेड लागलं.

खडकवणीला हा खेळ नवा नव्हता. नदीकाठच्या सात गावांची बास्केटबॉलची साखळी होती. नुसता हौसेचा मामला नव्हे बरं का. खेळाडूंना पगार होता, प्रत्येक संघाला मालक होता, आणि सामना असला की लग्नाच्या तिथीसुद्धा पुढे ढकलल्या जात. खडकवणीकरांनी जुन्या खळ्यावर स्वतः मुरूम टाकून, चोपून, वर सिमेंट ओतून कोर्ट केलं होतं. त्या कामाला प्रत्येक घरातलं माणूस राबलं होतं. पण साखळीचा एक नियम फार कडक होता. हंगामाच्या शेवटी जो संघ तळाला राहील, तो साखळीबाहेर. त्याच्या जागी वाट बघत बसलेलं दुसरं गाव आत येई, आणि बाहेर पडलेल्या गावाला पुन्हा आत शिरायला वर्षानुवर्षं लागत. पलीकडच्या कोळेगावचं कोर्ट असंच सुनं झालं होतं. तिथल्या बाया आता त्यावर मिरच्या वाळत घालतात.

खडकवणीचा जुना मालक थकला आणि लेकाकडे शहरात राहायला गेला. तेव्हा हणमंत पुढे झाला आणि त्याने संघ आपल्या पदरात घेतला. गावाला आनंद झाला. बैलाची पारख करणारा माणूस खेळाडूची करणार नाही होय, असं जो तो म्हणू लागला. हणमंतालाही ते ऐकायला गोड लागलं.

संघ तसा वाईट नव्हता. कप्तान होता गेनबा, गावातच वाढलेला, चिवट आणि शांत. संघाला शिकवायला होत्या कुसुमबाई. शाळेत मुलांना खेळ शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, गळ्यात शिट्टी असायची, पण आवाजच असा की शिट्टी वाजवायची वेळ क्वचित यायची. हा संघ कधी जिंकायचा, कधी हरायचा, आणि दरवर्षी साखळीत मधेच कुठेतरी राहायचा. हणमंताला मधेच राहायचं नव्हतं. त्याला पहिलं यायचं होतं.

साखळीत अदलाबदलीची सोय होती. दर आठवड्याच्या सामन्यांनंतर नदीकाठच्या चिंचेखाली सगळे मालक जमत आणि आपला खेळाडू देऊन दुसऱ्याचा घेत. तिथेही सौदा रुमालाखालीच होई. हणमंताच्या दृष्टीने हे म्हणजे माहेरच. पहिल्याच सामन्यात खडकवणी हरली. समोरच्या संघातल्या एका उंच गड्याने एकट्याने सामना फिरवला होता. हणमंताने दुसऱ्या दिवशी चिंचेखाली जाऊन त्यालाच उचलून आणला, आणि आपल्या ज्या पोराच्या हातून शेवटी चेंडू निसटला होता त्याला त्या बदल्यात देऊन टाकला.

पुढचा सामना खडकवणी जिंकली. गावाने हणमंताला खांद्यावर घेतलं.

झालं. हणमंताच्या डोक्यात वारं शिरलं. त्याने एक नियमच करून टाकला. ज्याने आपल्याला हरवलं त्याला आणायचं, आणि ज्याने आपल्याकडून चूक केली त्याला घालवायचं. ऐकायला किती सोपं. पण जरा विचार करा. ज्याला आणायचा, त्याचा सगळ्यात चांगला दिवस पाहून आणायचा. ज्याला द्यायचा, त्याचा सगळ्यात वाईट दिवस पाहून द्यायचा. असा व्यापार बैलांत केला असता तर हणमंताच्या घरातली चूल कधीच विझली असती. पण हे बैल नव्हते ना, म्हणून त्याच्या ते लक्षातच आलं नाही.

आठवड्यामागून आठवडे अदलाबदल चालली. एक जायचा, एक यायचा. कोर्टावर तर तमाशाच सुरू झाला. पास द्यायला एक वळायचा, तर जिथे मागच्या आठवड्यात माणूस असायचा तिथे आता नुसती हवा. चेंडू थेट प्रेक्षकांत. एकजण दुसऱ्याला हाक मारायचा ती तिसऱ्याच्याच नावाने, आणि तो तिसरा तर महिन्यापूर्वीच दुसऱ्या गावाला गेलेला. बघणाऱ्यांना हसू यायचं, मग हसू आवरून वाईट वाटायचं.

कुसुमबाई एकदा हणमंताच्या ओट्यावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "शेठ, ह्यांची नावं मला पाठ होईपर्यंत तरी ह्यांना राहू द्या."

"बाई, नावात काय आहे? काम बघा," हणमंत म्हणाला.

"कामच बघतेय. पाचही जण चांगले आहेत, आणि पाचही जण एकेकटे खेळताहेत."

हणमंताने ते ह्या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

मग निंबदरीशी सामना आला. निंबदरीचा यासीन हा सगळ्या साखळीत नावाजलेला नेमबाज. लांबून, जवळून, पाठमोरा, कसाही टाकायचा आणि चेंडू टोपलीतच जायचा. तरीही गेनबाने त्या दिवशी जिवाचं रान करून सामना बरोबरीत आणला. शेवटी खडकवणीला एक फ्री थ्रो मिळाला, म्हणजे कोणी अडवत नसताना निवांत टाकायचा चेंडू. गेनबाने टाकला. चेंडू कड्यावर नाचला आणि बाहेर पडला. जादा वेळात यासीनने सामना काढून नेला.

दुसऱ्या दिवशी हणमंताने निंबदरीच्या मालकाच्या हातावर रुमाल टाकला. निंबदरीचे रावसाहेब म्हणजे तसे हसतमुख, पण सौद्यात पक्के. त्यांनी रुमालाखाली बोटं दाबली, आणि गेनबा गेला. यासीन आला.

गेनबाला ही बातमी न्हाव्याच्या दुकानात कळली. अर्ध्या दाढीला साबण लागलेला, आणि शेजारच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं, "अरे, तू अजून इथेच?" गेनबाने उरलेली दाढी करून घेतली, घरी जाऊन कपडे भरले आणि जाताना हणमंताच्या दारात थांबला.

"शेठ, मी जातो. त्याचं काही नाही, खेळ म्हटला की हे आलंच," तो म्हणाला. "पण मला हे तुमच्या तोंडून कळायला हवं होतं."

आजवर इतकी दावी हणमंताने दुसऱ्याच्या हाती दिली होती, पण असं कोणी वळून बोललं नव्हतं. दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. मग त्याने मनाची समजूत घातली की यासीनने दोन सामने मारले की गाव गेनबाला विसरेल.

यासीनने बास्केट टाकल्या. भरपूर टाकल्या. आणि खडकवणी हरतच राहिली. कारण चेंडू त्याच्या हाती गेला की तो परत कोणाच्या हाती येईना. दोघं अंगावर आले तरी तो टाकायचा, तिघं आले तरी टाकायचा. जेवायला बसायचा तो एकटा, कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. हंगाम उतरणीला लागला तेव्हा खडकवणी तळाला होती. गावाच्या तोंडचं पाणी पळालं. कोळेगावच्या मिरच्या आता सगळ्यांना आपल्याच कोर्टावर दिसू लागल्या.

हणमंताने यासीनला बोलावून घेतलं आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं, "आपल्याच संघातला बापू मोकळा उभा होता. त्याला पास का दिला नाहीस?"

यासीनने शांतपणे सांगितलं, "शेठ, ह्या हंगामातलं हे माझं चौथं गाव. चिंचेखाली माझी किंमत ठरते ती मी टाकलेल्या बास्केटांवर. पास दिला तर बास्केट बापूच्या नावावर. उद्या तुम्ही मला देऊन टाकणार, तेव्हा बापू येणार आहे का माझ्यासाठी बोलायला?"

"मी तुला देईन असं कोणी सांगितलं?"

"न देणारा मालक मला अजून भेटायचाय," यासीन म्हणाला आणि निघून गेला.

हणमंत चिडला. एवढा मोठा खेळाडू आणि एवढा आपमतलबी, असं घरात दिवसभर पुटपुटत राहिला. आणि मनात ठरवूनही टाकलं की ह्यालाही चिंचेखाली न्यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या गोठ्यावर अंबूबाई आली. शेजारच्या वाडीची, स्वतःची शेती स्वतः कसणारी, तोंडाने फटकळ बाई. बरोबर बैलजोडी होती. त्याच वेळी कुसुमबाईही तिथे येऊन बसल्या होत्या. हे शिकवणं आता आपल्याच्याने होत नाही, एवढं सांगून त्या मोकळ्या होणार होत्या. पण गिऱ्हाईक आलेलं बघून त्या थांबल्या.

"ह्यातला हा डावीकडचा बदलून द्या," अंबूबाई म्हणाली. "परवा घाटात भरल्या गाडीला ऐनवेळी बसला. सगळ्यांपुढे माझी शोभा झाली. तुमचा तो खिलारी द्या मला, परवाच्या शर्यतीत पहिला आलेला."

हणमंताने बैलाचे दात पाहिले, खांदा चाचपला, चालवून बघितला. आणि तो मान हलवू लागला. आपल्या धंद्यातली गोष्ट निघाली की त्याची जीभ सुटायची.

"बाई, एक दिवस बसला म्हणून बैल विकतात का? किती वर्षं ओढतोय तो. आणि माझा खिलारी शर्यतीत पळाला, पण तो घाटात ओढेल असं कोणी सांगितलं? तुला पळणारा हवाय की ओढणारा? आधी आपली नड काय ते बघ, मग बाजारात ये."

"आणि तरी बदललाच तर?"

"तर नव्याला पहिल्या दिवशी नांगराला जुंपू नकोस. जुन्याच्या शेजारी बांध. एका गव्हाणीत खाऊ दे, बरोबर पाण्याला ने. मग रिकामी गाडी ओढू दे, मग थोडं ओझं टाक. एकमेकांची चाल कळायला वेळ लागतो त्यांना. आणि एक लक्षात ठेव, त्याला दर आठवड्याला बाजार दाखवू नकोस. सारखा बाजार पाहिलेला बैल कुठेच रमत नाही. कोणी दाव्याला हात लावला तरी दचकतो. स्वतःपुरतं खातो, जोडीदाराला शिंग मारतो. लोक म्हणतात बैल खोडकर. बैल कसला खोडकर, मालकच..."

एवढं बोलला आणि हणमंताच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं.

अंबूबाई त्याच्याकडे बघत राहिली. कुसुमबाईंनी पदर सावरला आणि त्या गोठ्याच्या वळचणीला जाऊन उभ्या राहिल्या. हणमंताला कधी नव्हे ती आपल्या स्वतःच्या गोठ्यात लाज वाटली. जे मुक्या जनावराबाबत आपण पोटतिडकीने सांगतो, ते बोलत्या माणसांच्या वेळी आपल्याला सुचू नये, ह्याची ती लाज होती. त्याने खाली मान घालून बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "घेऊन जा बाई तुझी जोडी," तो म्हणाला. "घाटात चढताना मधे एकदा दम खाऊ देत जा." अंबूबाई सौदा न करताच आल्या पावली परत गेली.

मग तो कुसुमबाईंना म्हणाला, "बाई, तुम्ही कशाला आला होतात ते मला कळलंय. ते आज सांगू नका."

"बरं, नाही सांगत," बाई म्हणाल्या. "मग काय करायचं ते तुम्ही सांगा."

हणमंताने काय केलं, ते आता नीट ऐका, कारण चूक कळणं सोपं असतं, ती निस्तरणं अवघड. जुन्या गड्यांना परत आणायचा विचार त्याच्या मनात आलाच. पण ती पुन्हा अदलाबदलच झाली असती. त्याने सगळ्या खेळाडूंना कोर्टावर गोळा केलं आणि सांगितलं, "हंगाम संपेपर्यंत इथून कोणीही कुठेही जाणार नाही. जिंकलो तरी नाही, हरलो तरी नाही. चुकलात तरी नाही. हा माझा शब्द."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. यासीन तर हसला. "हेड्याचा शब्द शेठ? बाजारापर्यंत टिकला तरी पुष्कळ."

हणमंताला झोंबलं, पण यासीनचं काही चुकत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचं जेवण हणमंताच्या पडवीत, एका पंगतीत. भिंतीकडे तोंड करून बसायला तिथे जागाच नव्हती. सकाळच्या सरावाला कुसुमबाईंनी नवीनच फर्मान काढलं. पाचही जणांच्या हातांतून चेंडू फिरल्याशिवाय बास्केट टाकायची नाही, टाकली तर ती मोजायची नाही. सुरुवातीला नुसता वैताग. चेंडू ह्याच्या पायावर, त्याच्या नाकावर. पण हळूहळू एकमेकांची चाल कळू लागली. बापू पास घेण्याआधी डावा खांदा पाडतो, हे यासीनला समजलं. यासीन उडी मारण्याआधी श्वास रोखतो, हे बापूला समजलं. हणमंत रोज सकाळी बाजूला घोंगडीवर बसून राही. कोणाची आई आजारी आहे, कोणाला तिखट सोसत नाही, हे त्याला आता ठाऊक झालं. आपल्या बैलांबद्दल हे सगळं त्याला नेहमीच ठाऊक असे.

तरी पहिले सामने ते हरलेच. थोड्या फरकाने, पण हरले. गावाचा धीर सुटला. पारावर लोक त्याला ऐकू जाईल असं बोलू लागले. एवढा मोठा हेडी आणि हात बांधून बसलाय, ह्याला म्हातारचळ लागला. एकाने तर तोंडावरच विचारलं, "हणमंतराव, रुमाल हरवला का?" चिंचेखाली बाजार भरला की हणमंताचे हात शिवशिवायचे. खोटं कशाला सांगू, एकदा तर तो जोडे घालून निघालासुद्धा होता. वेशीपर्यंत गेला, तिथे उभा राहिला आणि मागे फिरला. असा तो पाय रोवून राहिला.

मग एक सामना जिंकला. मग आणखी एक. हंगामाचा शेवटचा सामना उरला, आणि तळाला दोन संघ होते. एक खडकवणी आणि दुसरी निंबदरी. यासीन देऊन गेनबा घेतल्यापासून निंबदरीचीही घडी विसकटली होती, आणि त्यांनीही मग हणमंताचाच कित्ता गिरवला होता. आता शेवटचा सामना ह्या दोघांतच होता. जो हरेल तो साखळीबाहेर.

हंगामाचा शेवटचा बाजार मात्र शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी भरे. ह्या बाजाराला नियमाने सगळ्या संघांना खेळाडूंसह हजर राहावंच लागे. चिंचेखाली ही गर्दी. खडकवणीचं अर्धं गाव तिथे लोटलं होतं. रावसाहेब हसत पुढे आले आणि त्यांनी स्वतःच हणमंताच्या हातावर रुमाल टाकला. बोटं बोलू लागली. यासीन आम्हाला परत द्या, गेनबा तुम्ही परत घ्या. वर आमचा एक चांगला गडी फुकट. असा सौदा हणमंताला आयुष्यात कोणी देऊ केला नव्हता.

गावकऱ्यांना न सांगताच समजलं. "घ्या शेठ," मागून आवाज आला. "आपला गेनबा आहे तो." दुसरा म्हणाला, "गावाचं पोर गावात येऊ द्या." आणि गेनबा समोरच उभा होता. त्याच्या डोळ्यांत आशा होती आणि ती त्याला लपवता येत नव्हती. यासीन जरा लांब उभा होता. त्याने हे इतक्यांदा पाहिलं होतं की तो इकडे बघतही नव्हता, नदीकडे बघत होता.

गेनबा हणमंताला हवा होता. सगळ्या गावाहून जास्त हवा होता, कारण त्याला घालवल्याचं पाप त्याच्याच माथी होतं. बोटं मिटली की ते पाप फिटणार होतं, गाव खूश होणार होतं, आणि सामनाही कदाचित जिंकता येणार होता. एक बोट मिटायचंच तेवढं उरलं होतं.

त्याने रुमालाखालून हात काढून घेतला. आणि रुमालाखाली ठरवायची गोष्ट सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तोंडाने सांगितली. "नाही."

मग तो गेनबासमोर जाऊन उभा राहिला. "गेनबा, तुला न विचारता घालवलं, ही माझी चूक. आता तुला आणायला यासीनला न विचारता घालवला, तर तीच चूक मी डोळे उघडे ठेवून करीन. मी ह्या पोरांना शब्द दिलाय."

गेनबा म्हणाला, "शेठ, उद्या मी जीव तोडून खेळणार."

"खेळायलाच हवं," हणमंत म्हणाला.

गाव खवळलं. परतीच्या वाटेवर कोणी त्याच्याशी बोललं नाही. रावसाहेब मात्र रिकाम्या हाताने जाणारे नव्हते. त्यांनी तिथल्या तिथे दुसऱ्या मालकाच्या हातावर रुमाल टाकला, आपला बचावातला भरवशाचा गडी दिला आणि एक धिप्पाड, गाजलेला बचावपटू घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी खडकवणीच्या कोर्टावर पाय ठेवायला जागा नव्हती. गेनबा बोलल्याप्रमाणेच खेळला. त्याला ह्या कोर्टाचा कण न् कण माहीत होता. खडकवणीकरांना कोणासाठी ओरडावं तेच कळेना. गुण मागे-पुढे होत राहिले आणि सामना अगदी शेवटाला आला. निंबदरी एका गुणाने पुढे होती. चेंडू यासीनच्या हातात आला. आता हा टाकणार, हे शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. गेनबा त्याच्यावर धावला. कालच आलेला तो धिप्पाड गडीसुद्धा त्याच्यावरच धावला, कारण कोणी कोणाला धरायचं हे त्या दोघांत कधी ठरलंच नव्हतं. "बापूला धर!" गेनबा ओरडला. त्या नव्याला बापू कोण तेच माहीत नव्हतं.

यासीनने श्वास रोखला, उडी मारली, आणि टाकायच्या ऐवजी चेंडू डावीकडे दिला. बापूने डावा खांदा पाडलेलाच होता. त्याने चेंडू घेतला आणि टोपलीत ठेवला. शिट्टी वाजली.

खडकवणी साखळीत राहिली. लोकांनी यासीनला आणि बापूला डोक्यावर घेतलं. हणमंत घोंगडीवर बसल्या जागी रडत होता, आणि ते लपवायची त्याला गरज वाटली नाही. निंबदरी साखळीबाहेर गेली.

हंगाम संपला, आणि हणमंत निंबदरीला गेला. निरोप्या पाठवला नाही, रुमालही नेला नाही. तो गेनबाच्या दारात जाऊन उभा राहिला. "कोणाच्या बदल्यात नाही, तुला तुझ्यासाठी न्यायला आलोय," तो म्हणाला. "येशील?"

गेनबाने त्याला आत बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाला, "शेठ, तुम्ही आलात, मला सगळं मिळालं. पण मी येत नाही. रावसाहेबांनी आता कानाला खडा लावलाय. ही सगळी पोरं साखळीबाहेरून, नव्याने सुरुवात करणार आहेत. आत्ता कुठे आमची चाल जुळायला लागलीय. अशात मी उठून आलो तर ह्यांचं काय होतं, ते तुमच्याइतकं कोणाला माहीत?"

गेनबा जिवाभावाचा होता, आणि तो कायमचा गेला होता. हणमंताने त्याच्या पाठीवर हात ठेवला, पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि तो एकटाच खडकवणीला परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाच्या वेळी तो कोर्टावर हजर होता.

तात्पर्य इतकंच: चांगली माणसं गोळा केली की संघ होत नाही, ती एकमेकांत मुरावी लागतात. माणूस बदलायचाच असेल तर आपली नड ओळखून आणि त्याला विचारून बदलावा. एकदा आणला की त्याच्यामागे पाय रोवून उभं राहावं. घाईने घालवलेलं माणूस पुढे शहाणपण आलं तरी परत येतंच असं नाही.